डोळ्यात काहीच नाही

गेल्या महिन्यात एका रात्री मी अर्धा तास आरशासमोर उभी राहून डाव्या डोळ्यातली लेन्स काढत होते. उजवीकडची पहिल्याच फटक्यात निघाली होती. डावी हलायला तयार नव्हती. सोळा तास डोळ्यांत राहिल्या की लेन्स कोरड्या पडतात, बुबुळाला धरून बसतात, हे वीस-बावीस वर्षांच्या सवयीने माहीत आहे. उपायही पाठ आहेत. आधी सलाइनचे दोन थेंब, मग डोळा मिटून जरा वेळ गप्प बसायचं, मग मधल्या बोटाने खालची पापणी ओढून धरायची आणि अंगठा-तर्जनीची अगदी हलकी चिमूट काढायची. लेन्स चिमटीत आली की कळतं. काहीतरी ओलं, पातळ दुमडतं आणि सुटतं. त्या रात्री चिमटीत काहीतरी येत होतं, पण दुमडत नव्हतं. पुन्हा थेंब, पुन्हा चिमूट. डोळा गुंजेसारखा लाल झाला, नाक वाहायला लागलं. नवरा दारात येऊन म्हणाला, "अगं, राहू दे आता, सकाळी बघू." मी त्याच्यावर खेकसले, की लेन्स घालून झोपायचं नसतं एवढंही तुला कळत नाही का. शेवटी थकून तशीच आडवी झाले. उशीवर डोकं टेकल्यावरही डोळ्यात ती आहे, कडेला सरकली आहे, वर गेली आहे, असं प्रत्येक वेळी पापणी हलली की जाणवत होतं.

सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्या त्या यंत्रासमोर बसवलं. हनुवटी इथे ठेवा, कपाळ पट्टीला टेकवा, हलू नका. मग एक कागदाची पट्टी खालच्या पापणीच्या आत टेकवली, तिच्यातला नारिंगी-पिवळा रंग डोळ्यातल्या पाण्यात विरघळला, आणि निळा दिवा लागला. डॉक्टर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "डोळ्यात काहीच नाहीये." मी म्हटलं, असं कसं, रात्री हाताला लागत होती ना. त्यांनी दिवा विझवला. "लेन्स केव्हाच पडून गेली असणार. तुमच्या हाताला लागत होतं ते बुबुळ." पाऊस थांबलाय असं सांगावं तशा सुरात सांगितलं त्यांनी. बुबुळावर दोन ओरखडे होते. थेंब लिहून दिले, आठवडाभर चष्मा. उठताना भिंतीवरच्या आरशात पाहिलं, तर डाव्या डोळ्याचं पांढरं पिवळंजर्द झालं होतं, त्यात लाल रेषा. माझा म्हणून ओळखू येऊ नये असा तो डोळा.

अर्धा तास मी माझाच डोळा काढायला बघत होते.

घरी येताना हसूही येत होतं. पण त्या खुर्चीत डोकं पट्टीला टेकवून बसले असताना जे आठवलं होतं ते काही केल्या जाईना. खुर्चीत असाच एक लाल केसांचा, काडीसारखा माणूस बसलाय, भोवती डॉक्टर आहेत, त्याच्या डोळ्यांवर यंत्र रोखलंय, आणि तो कळवळून सांगतोय की थांबा, एक्स-रे नको. कुणी ऐकत नाही. क्षणभराचं काम असतं ते. आणि मग तो ओरडतो, की त्या आता चिकटल्या. डॉक्टरांना कळतच नाही काय चिकटलं. त्यांच्या लेखी डोळ्यात काहीच नव्हतं.

'द मॅन हू फेल टू अर्थ' मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि लेन्स लावायला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. फिल्म सोसायटीचा खेळ होता. परग्रहावरून आलेला माणूस आहे एवढं ऐकून बरीच पोरं आली होती, आणि रॉकेट काही दिसेना म्हणून मध्यंतराच्या आत निम्मी उठून गेली. खरं तर रॉकेट आहे, सुरुवातीलाच आहे, पण ते काही सेकंदांत एका तळ्यात जाऊन पडतं आणि संपतं. मग कोट घातलेला, डोकं झाकलेला एक माणूस टेकडीच्या उतारावरून धडपडत खाली येतो. आपल्याला कुणी सांगत नाही हा कोण, कुठून आला. एका दुकानात जाऊन तो बोटातली अंगठी विकतो, म्हातारी दुकानदारीण वीस डॉलर देते. बिचारा, लग्नाची अंगठी विकायची वेळ आली, असं आपण मनात म्हणतो न म्हणतो तोच तो बाहेर येतो आणि त्याच्याजवळ तसल्याच अंगठ्यांची अख्खी माळ दिसते. मग तो नदीकाठी बसतो, पेला बुडवतो आणि पाणी पितो. साधं पाणी. पण असं पितो, की आपण इतकी वर्षं पाणी नीट प्यायलोच नाही असं वाटावं.

त्याच्या ग्रहावर पाणी संपलंय. बायको आहे, दोन मुलं आहेत, ती वाट बघतायत. त्याला इथे पैसा मिळवायचाय, यान बांधायचंय आणि परत जायचंय. त्यासाठी त्याच्याजवळ नऊ मूलभूत पेटंट्स आहेत, जाड भिंगांचा चष्मा लावणारा एक वकील आहे, आणि पुढे प्रचंड मोठी कंपनी आहे. कथा म्हणून एवढीच. बाकी सगळं घसरणीचं चित्रण. दिग्दर्शक निकोलस रोग हा मुळात छायाचित्रकार, त्यामुळे तो सांगत नाही, दाखवतो, आणि दाखवताना मधली वर्षं गाळून टाकतो. एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना पाच वर्षं गेली की दहा, काही कळत नाही. भोवतालची माणसं थोराड होतात, केस पिकतात. हा मात्र तसाच राहतो. इथे एक सांगून टाकते, ते म्हातारपणाचे मेकअप वाईट आहेत. शाळेच्या गॅदरिंगमध्ये आजीबाई झालेल्या मुलीसारखे. मधला भागही चांगलाच रेंगाळतो. १९७६ मध्ये अमेरिकेत दाखवताना वितरकांनी त्यातली वीसेक मिनिटं कापली होती, आणि तो काही त्यामुळे सुटसुटीत झाला नाही, उलट आणखीच दुर्बोध झाला म्हणतात. ज्या चित्रपटाचा जीवच त्याच्या पसरटपणात आहे, तो कापून काय मिळणार!

एकोणीसच्या वयात मला त्यातलं काय कळलं? डोळे कळले. बाकी पाणी, पैसा, सरकार सगळं डोक्यावरून गेलं. पण मेरी-लूचा तो प्रसंग आला आणि मी खुर्चीत पुढे सरकून बसले. मेरी-लू ही हॉटेलातली साधीसुधी बाई. लिफ्टच्या वेगाने त्याच्या नाकातून रक्त येतं, तो कोसळतो, तर ही त्याला लहान मुलासारखा उचलून खोलीत नेते. तिथून दोघं एकत्र राहायला लागतात. ती त्याच्यावर जीव टाकते, पण हा काहीतरी लपवतोय हे तिला जाणवत राहतं. एके रात्री तो आत जातो, दार लावून आरशासमोर उभा राहतो आणि अंगावरचं माणूसपण एकेक करून उतरवतो. शेवटी डोळे. लेन्स निघतात आणि खाली मांजरासारखी उभी बाहुली, पिवळा डोळा. दार उघडतं. मेरी-लू किंचाळते, पाठीमागे सरकते, आणि भीतीने तिला उभ्याउभ्या लघवी होते. हे निकोलस रोग दाखवतो. एखाद्या गुळगुळीत चित्रपटात ती थरथरली असती आणि मग धावत जाऊन मिठी मारली असती. इथे ती परत येते हे खरं, त्याच्या शेजारी पडते, त्याला हात लावून बघते. प्रयत्न करते. आणि तिला नाही जमत.

मला तेव्हा मेरी-लूचा राग आला होता. आता येत नाही. ती परत आली होती, हे मला तेव्हा दिसलंच नव्हतं.

माझा नंबर मायनस साडेआठ आहे. ज्यांना चष्मा नाही त्यांना हे कळायचं नाही. मायनसच्या जाड काचेमागे डोळे लहान दिसतात, दोन मिरीदाणे ठेवल्यासारखे, आणि काचेच्या कडेपाशी गालाची रेघ आत सरकते. लेन्स आल्यावर मी पहिल्यांदा स्वतःचा चेहरा धड पाहिला, कारण त्याआधी चष्मा काढला की आरसाच दिसायचा नाही. मग हाच माझा चेहरा असं ठरवून टाकलं आणि चष्मा कुणाला दिसणार नाही याची काळजी घ्यायला लागले. नवऱ्याची आणि माझी ओळख होऊन सहा महिने झाले होते तेव्हा एका प्रवासात मी लेन्सची डबी विसरले. रात्री काढाव्याच लागल्या, आणि पिशवीच्या तळाशी होता तो जुना, एक काडी चिकटपट्टीने बांधलेला चष्मा लावून बाहेर आले. आले ती बोलायला तोंडच उघडेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. पुढे येऊन चष्मा माझ्या नाकावरून काढला, शर्टाच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या, उजेडाकडे धरून बघितल्या, परत लावला आणि म्हणाला, "केवढे ठसे पडलेत. दिसतं कसं गं तुला?" एवढंच. त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. हल्ली मात्र अधूनमधून वाटतं, की ते प्रेम वगैरे नसावं. त्याला मळकी काच बघवत नाही. टीव्हीचीसुद्धा पुसत असतो.

तर आठवडाभर चष्मा लावून, एक डोळा गळत असताना, मी तो चित्रपट पुन्हा पाहिला. एक गोष्ट लक्षात आली आणि मी तिथेच थांबवून मागे नेलं. न्यूटन, म्हणजे तो परग्रहवासी, लेन्स काढतो आणि खालचा खरा डोळा दिसतो. पण ते करताना ती भूमिका करणाऱ्या डेव्हिड बोवीने, त्या प्रसिद्ध गायकाने, काय केलं असेल? त्याने लेन्स घातल्या असतील! पात्र ज्या क्षणी लेन्स काढतं, त्याच क्षणासाठी नटाला ती घालावी लागते. पडद्यावर जो खरा डोळा तो सेटवर खोटा, आणि जो खोटा, माणसासारखा दिसावा म्हणून चढवलेला, तो बोवीचा स्वतःचा. त्यातही गंमत अशी की तो स्वतःचा डोळाही चारचौघांसारखा नव्हता. पंधरा वर्षांचा असताना एका मुलीवरून भांडण झालं आणि शाळेतल्या मित्राने त्याच्या डाव्या डोळ्यावर ठोसा मारला. त्या डोळ्याची बाहुली कायमची विस्फारलेली राहिली. उजेड असो की अंधार, ती मोठीच. त्यामुळे एक डोळा निळा आणि दुसरा गडद, दोन रंगांचे डोळे आहेत असं वाटायचं. त्या मित्राशी त्याची दोस्ती मात्र जन्मभर टिकली. म्हणजे हा माणूस न्यूटनचा मुखवटा म्हणून जो डोळा घेऊन वावरतोय, तोच मुळी परग्रहावरचा वाटावा असा आहे. सामान्य माणूस म्हणून वेष घेतलेला परका, आणि वेष कसला, तर त्याचा स्वतःचा चेहरा.

मग कशावरून कळायचं कुठला डोळा वरचा आणि कुठला आतला? माझ्या तर बोटांनासुद्धा कळलं नव्हतं.

बोवीला रोगने निवडलं तेच मुळी एका बीबीसीच्या माहितीपटात पाहून. त्यात बोवी मोटारीच्या मागच्या सीटवर बसलाय, पांढराफटक, हाडं वर आलेली, आणि खिडकीबाहेरची अमेरिका आपल्याशी काही संबंध नसल्यासारखी बघतोय. ती मोटार चालवणारा त्याचा खरा ड्रायव्हर रोगने चित्रपटात न्यूटनचा ड्रायव्हर म्हणूनच घेतला. १९७५ च्या उन्हाळ्यात न्यू मेक्सिकोत चित्रीकरण झालं तेव्हा बोवी अठ्ठावीस वर्षांचा होता आणि कोकेनच्या इतका आहारी गेला होता, की त्या काळातलं फारसं आठवत नाही असं पुढे तोच सांगायचा. त्यामुळे या भूमिकेला अभिनय म्हणावं की नाही, हा प्रश्न मला दरवेळी पडतो. टीकाकार तेव्हाही म्हणालेच, की तो फक्त तिथे असतो. पण नुसतं असणं म्हणजे काय, हे चर्चमधल्या दृश्यात बघावं. मेरी-लू त्याला घेऊन जाते, सगळे उभे राहून भजन गातात, आणि हा जगप्रसिद्ध गायक, कागदावर बोट ठेवून, मागे पडत, बेसूर, कापऱ्या आवाजात सगळ्यांबरोबर म्हणायचा प्रयत्न करतो. परक्या घरी पूजेला गेल्यावर आरतीचे शब्द येत नसले की आपण जसे ओठ हलवतो, तसा. ते काही नुसतं 'असणं' नव्हे.

त्याच वेळी पडद्यामागेही सगळं असंच एकमेकांत मिसळलेलं होतं. न्यूटनची ग्रहावरची बायको, नळ्या लावलेल्या पोशाखातली, पोरांना घेऊन त्याची वाट बघणारी, ती भूमिका कँडी क्लार्कनेच केली आहे. तीच मेरी-लू. पहिल्यांदा पाहताना मला ओळखू आली नव्हती. आणि तो कोरडा ग्रह? तोही न्यू मेक्सिकोच. तिथल्या व्हाइट सँड्सच्या पांढऱ्या वाळूत ती दृश्यं घेतली आहेत. सुमारे सातशे चौरस किलोमीटर पसरलेल्या टेकड्या, आणि ती आपल्या नेहमीची वाळू नव्हे. जिप्सम नावाचं खनिज आहे. जिप्सम पाण्यात विरघळतं, म्हणून त्याची वाळू सहसा टिकत नाही, पावसाच्या पाण्याबरोबर समुद्राकडे वाहून जाते. इथे टिकली, कारण त्या खोऱ्यातून बाहेर पडणारी एकही नदी नाही. डोंगरावरून जिप्सम विरघळवून आणलेलं पाणी खोऱ्यात साचतं, उन्हाने उडून जातं, आणि पांढरं मागे राहतं. म्हणजे पाण्याला जायला वाट नाही म्हणून तयार झालेलं वाळवंट. रोगला हे ठाऊक होतं का, कोण जाणे. पण ज्या फेंटन तळ्यात न्यूटन पडतो, तेही त्याच राज्यात आहे. यान नको, इंधन नको, रस्त्याने निघाला असता तर एका दिवसात घरी पोचला असता तो.

याच वाळवंटालगतच्या लष्करी पट्ट्यात १६ जुलै १९४५ ला पहिला अणुबॉम्ब फोडून पाहिला गेला. दोन वर्षांनी, १९४७ मध्ये, याच राज्यात रॉसवेलजवळ काहीतरी पडलं आणि उडत्या तबकडीच्या गोष्टी सुरू झाल्या. चित्रपटात यातलं काही नाही. अमेरिकन माणूस ते मनात घेऊनच बघायला बसत असणार.

पाण्यासाठी आलेला हा माणूस बुडतो तो जिनमध्ये. मेरी-लू प्रेमाने पेला पुढे करते, घे ना थोडी, आणि तो पाणी मागतो. पाण्याच्या जागी जिन कधी आली, हे चित्रपट ठणकावून सांगत नाही, कारण पेल्यात दोन्ही सारखीच दिसतात. मग कधीतरी लक्षात येतं, की बऱ्याच दृश्यांत त्याच्या हातात पाणी दिसलेलं नाही. समोर टीव्हीचे ढीग, डझनभर एकदम चालू, आणि तो खुर्चीत रुतलेला. मूळ कादंबरी वॉल्टर टेव्हिसची, १९६३ ची. तिच्या शेवटच्या भागाचं नावच 'बुडणारा इकॅरस' अशा अर्थाचं आहे, म्हणजे ग्रीक कथेतला उडताना समुद्रात पडलेला तो मुलगा. टेव्हिस लहानपणी हृदयाच्या दुखण्याने आजारी पडला, आणि आई-वडील घर हलवून सॅन फ्रान्सिस्कोहून केंटकीला गेले तेव्हा त्याला इस्पितळात मागे ठेवून गेले. वर्षभराने तो पोर एकटा आगगाडीत बसून अर्धी अमेरिका ओलांडून त्यांच्याकडे गेला. मोठेपणी दारू लागली. ही कादंबरी लिहिल्यावर पुढची यायला सतरा वर्षं गेली. परग्रहवाल्याच्या आडून आपण आपलीच कहाणी लिहिली होती, हे नंतर त्याने कबूल केलं. हे समजल्यावर कादंबरी वाचली तर त्यातला परग्रह फारसा परका वाटत नाही. कादंबरीत त्या एक्स-रेने न्यूटन आंधळा होतो. चित्रपटात तसं नाही. त्याला दिसत राहतं, पण माणसाच्या डोळ्यांतून, कायमचं. मला विचाराल तर चित्रपटाची शिक्षा जास्त वाईट आहे. आंधळा झाला असता तर निदान कुणी म्हणालं असतं, अरेरे.

आता तो परका आहे हे सिद्धच करता येत नाही. इतकी वर्षं जे लपवलं ते दाखवायला गेला तरी कुणाला दिसणार नाही. त्याला कोंडून ठेवलेलं असतं, पण तपासून तपासून सगळे कंटाळतात. पहारेकरी, डॉक्टर हळूहळू दिसेनासे होतात. आणि एक दिवस तो दाराची मूठ फिरवतो, तर दार उघडंच असतं. कधीपासून, कुणास ठाऊक. नवरा माझ्या शेजारी बसून इथवर अर्धवट झोपेत बघत होता, तो या जागी एकदम जागा झाला. "मग जात का नाही हा?" मी म्हटलं, कुठे जाईल? यान नाही, पैसा संपला. "तसं नाही गं. एवढे दिवस एकदाही मूठ फिरवून बघितली नाही?" त्याला खरंच राग आला होता. नळ गळतोय आणि कुणी वायसर बदलत नाही, यावर येतो तसा राग.

शेवटच्या दृश्याबद्दल आम्ही भांडलो. न्यूटनने गाण्यांची एक तबकडी काढलेली असते. जुना सहकारी ब्राइस, आता थकलेला, ती दुकानात बघतो आणि माग काढत त्याला गाठतो. उघड्यावरचं कॅफे, डोक्यावर हॅट, समोर पेला. ब्राइस सांगतो, की तबकडी काही खास वाटली नाही. न्यूटन शांतपणे म्हणतो, की तुझ्यासाठी केलीच नव्हती. बायकोसाठी केली होती. कधीतरी रेडिओवर लागेल आणि तिला ऐकू जाईल. बायको जिवंत आहे का, याची खात्री कुणालाच नाही. मग वेटर येऊन म्हणतो, यांना आता पुरे झाली, आणि ब्राइसही मान डोलावतो. न्यूटनची मान खाली जाते, हॅटने चेहरा झाकला जातो, आणि तेव्हा आर्टी शॉच्या वाद्यवृंदाचं 'स्टारडस्ट' सुरू होतं. एकोणीसच्या वयात मी इथे रडले होते. किती हा प्रेम करतो, म्हणून. या वेळी रडू आलं नाही. डावा डोळा तसाही गळत होता. वाटलं, तबकडी काढणं हे परत न जाण्याचंच एक सभ्य रूप आहे. रेडिओवर गाणं लावलं, झालं माझं काम. नवऱ्याला हे पटलं नाही. तो म्हणाला, एवढं तरी केलं ना त्याने, सगळे कुठे करतात. आणि वरून, "तुला उगाच माणसाला दोषी धरायची हौस."

असेलही. बोवीला तरी न्यूटन सुटला नव्हता. १९७६ आणि १९७७ मधल्या त्याच्या दोन तबकड्यांची मुखपृष्ठं याच चित्रपटातल्या छायाचित्रांची आहेत. चित्रपटाचं संगीतही तोच करणार होता, पण ते काही झालं नाही. नंतर सुमारे चाळीस वर्षांनी त्याने एक संगीतनाटक लिहिलं, नाटककार एंडा वॉल्शबरोबर. त्यात न्यूटन अजून इथेच आहे, न्यूयॉर्कच्या एका फ्लॅटमध्ये, अजून जिन पितोय. घरी जाता येत नाही आणि मरताही येत नाही. ७ डिसेंबर २०१५ ला त्याचा अधिकृत शुभारंभ झाला आणि बोवी आला होता. त्यानंतर तो लोकांसमोर आला नाही. १० जानेवारीला गेला. आजार त्याने लोकांना कळू दिला नव्हता. त्या रात्रीची छायाचित्रं आहेत. हसतमुख, व्यवस्थित कोट घातलेला माणूस. डावी बाहुली तेवढी मोठी.

आठवडा संपला, ओरखडे भरले, डॉक्टर म्हणाल्या आता लावा. मी अजून लावल्या नाहीत. आणि परवा बेसिनवरचं फडताळ पुसताना ती सापडली. टूथब्रशच्या पेल्याच्या मागे, फरशीला चिकटून, वाळून चुरमुरलेली, कांद्याच्या आतल्या सालीसारखी. नखाने सोडवली तेव्हा वाटलं, तुटणार. पण तळहातावर घेऊन सलाइन सोडलं तर ती हळूहळू फुगली, एक कड उलगडली, मग दुसरी, आणि दोन-तीन मिनिटांत पुन्हा वाटीसारखी गोल झाली. नव्यासारखी. घालायची अर्थात नाही. तरी मी ती छोट्या वाटीत सोडली आणि नवऱ्याला दाखवायला नेली. त्याने वाटी उजेडाकडे धरली, तिरकी केली. "कुठाय?" मी बघितलं, मलाही दिसेना. मग बोट बुडवून चाचपायला लागले. तळाशी काहीतरी मऊ लागलं, चिमटीत धरलं, वर काढलं, तर बोटांत काही नव्हतं. "आहे की नाही नक्की?" तो म्हणाला. आहे, थांब, म्हणून मी पुन्हा बोट घातलं.